चाचणीचीही परीक्षा
(नभोवाणीवरील भाषण)

ग्वाल्हेरच्या बिर्लानगर या वसाहतीचा जन्म एका कापडगिरणीमुळे झाला. १९२० च्या दशकाच्या आरंभी तेथे उभी राहिलेली जियाजीराव कॉटन मिल्स ही गिरणी शहरात ‘जे. सी. मिल’ या सुटसुटीत नावानेच ओळखली जाई. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती बंद पडली. वसाहतीचे आणि तेथील रेल्वे स्थानकाचे नाव तेवढे मागे राहिले.

कापडगिरणीत सूत तपासण्याची एक ठरलेली रीत असते. दीड यार्ड परिघाच्या रहाटावर सुताचे ८० वेढे घ्यावयाचे, म्हणजे १२० यार्डांची लडी तयार होते. ही लडी यंत्राच्या दोन आकड्यांत अडकवून तुटेपर्यंत ताणावयाची आणि ती किती भाराला तुटली याची नोंद करावयाची. रीत सोपी आहे. पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. कापसाचे सूत दमट हवेत बळकट होते आणि कोरड्या हवेत दुर्बल होते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील दुपारी, लू वाहत असताना ताणलेली लडी लवकर तुटेल. तेच सूत श्रावणातील सकाळी अधिक भार सोसेल. मग पहिल्या वेळी दोष कोणाचा होता? सुताचा, यंत्राचा, की हवेचा? या प्रश्नाचा निकाल लावता यावा म्हणूनच आपल्या देशात सूत तपासण्याची खोली २७ अंश सेल्सियस तापमानावर आणि ६५ टक्के आर्द्रतेवर ठेवण्याचा दंडक घालून दिलेला आहे. सूत तपासण्यापूर्वी हवा निश्चित करावी लागते.

गिरणीचा भोंगा थांबला, परंतु हा प्रश्न थांबला नाही. ज्या ग्वाल्हेरात गिरणी होती, त्याच ग्वाल्हेरात १९९७ साली माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन या विषयांची एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अशा संस्थांतून शिकून बाहेर पडणारे तरुण आज बंगळूरला, पुण्याला किंवा परदेशी जाऊन संगणकाच्या आज्ञावली लिहितात. त्यांच्याही मालाची तपासणी होते आणि तिचे निकालही पुष्कळदा हवेप्रमाणे बदलतात. आज्ञावलींच्या ज्या एका शाखेत हा उपद्रव विशेष जाणवतो, ती शाखा म्हणजे जाळ्यातील बोगदे.

बोगदा म्हणजे काय, हे टपालाच्या दृष्टान्ताने चटकन ध्यानी येते. घरून काम करणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याला आपल्या कार्यालयाशी गुप्त पत्रव्यवहार करावयाचा आहे, पण मधला रस्ता सार्वजनिक आहे. तेव्हा तो आपले पत्र एका लखोट्यात घालतो, तो लखोटा कुलूपबंद करतो आणि दुसऱ्या मोठ्या लखोट्यात घालून पाठवितो. वाटेतील कोणालाही बाहेरचा पत्ता तेवढा दिसतो. आतील मजकूर व आतील पत्ता दिसत नाही. संगणक हे काम प्रत्येक पॅकेटाच्या बाबतीत करतो, सेकंदाला हजारो वेळा. ‘ओपन-व्हीपीएन’ ही आज्ञावली २००१ साली आली, आणि ‘वायरगार्ड’ नावाची तिच्याहून पुष्कळ आटोपशीर आज्ञावली मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. त्याच महिन्यात टाळेबंदी सुरू झाली आणि लाखो कर्मचाऱ्यांना घर व कार्यालय यांमध्ये अशा बोगद्यांचा आधार घ्यावा लागला.

अशा आज्ञावलीत फेरफार करणे जोखमीचे असते. म्हणून प्रत्येक फेरफारानंतर शेकडो लहानमोठ्या चाचण्या आपोआप घेण्याची व्यवस्था अभियंते करून ठेवतात. बोगदा उघडला का, दुसऱ्या टोकाला संदेश पोहोचला का, चुकीची किल्ली आणणाऱ्याला नकार मिळाला का, जोडणी तुटल्यावर ती पुन्हा जुळली का, असे एकेक प्रश्न यंत्र स्वतःच विचारते आणि हिरवा किंवा तांबडा दिवा दाखविते. ही व्यवस्था उत्तम आहे. मात्र तिला दोन रोग जडतात. पहिला मंदपणाचा आणि दुसरा लहरीपणाचा. हे दोन्ही रोग बहुधा एकाच मुळातून उगवतात, म्हणून त्यांचा विचार एकत्र करणे इष्ट ठरते.

मंदपणाचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे आहे. चाचणीच्या आरंभी दूरचे टोक जागे व्हावयास थोडा वेळ लागतो. तो किती लागेल हे ठाऊक नसल्यामुळे चाचणी लिहिणारा ‘दोन सेकंद थांब’ अशी आज्ञा घालतो. अशा ३०० चाचण्या झाल्या म्हणजे नुसत्या थांबण्यातच दहा मिनिटे जातात. बरे, एवढे थांबूनही खात्री नसते. चाचण्या चालविणाऱ्या यंत्रावर दुसऱ्या कामाचा ताण पडला, की त्या टोकाला जागे होण्यास अडीच सेकंद लागतात आणि चाचणी नापास होते. मग कोणी तरी दोनाचे पाच करतो. मंदपणा अडीचपट वाढतो, आणि लहरीपणा मात्र थोडा मागे सरून तेथेच दबा धरून बसतो. याचा उपाय घड्याळाकडे पाहण्यात नाही. ज्या घटनेची वाट पाहावयाची, त्या घटनेकडेच पाहिले पाहिजे. दूरच्या टोकाने ‘तयार आहे’ अशी खूण करावी आणि चाचणीने ती खूण मिळताच पुढे जावे. दरवाजा उघडला की आत शिरावे. तो दोन सेकंदांत उघडेल असे गृहीत धरून डोके आपटू नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपाची प्रकल्पांतील अशा लहरी चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के दुरुस्त्यांचे मूळ या चुकीच्या वाट पाहण्यातच होते.

दुसरे कारण प्रत्यक्ष काळाचे आहे. वायरगार्डमध्ये १२० सेकंदांनंतर नवी किल्ली ठरविण्याची बोलणी सुरू होतात आणि १८० सेकंद उलटलेल्या किल्लीला पुढे मान्यता मिळत नाही. हा नियम पाळला जातो की नाही हे खऱ्या घड्याळाने तपासावयाचे म्हटले, तर एका चाचणीला तीन मिनिटे लागतील. म्हणून जाणते अभियंते आज्ञावलीची रचनाच अशी करतात, की काळ बाहेरून पुरविता यावा. चाचणीत खोटे घड्याळ बसवून त्याचे काटे एका क्षणात तीन मिनिटे पुढे सरकविता येतात. त्याचप्रमाणे प्रत्येक चाचणीसाठी लांबलचक किल्ल्या नव्याने घडविण्यात वेळ घालविण्याऐवजी केवळ चाचणीसाठी राखून ठेवलेल्या किल्ल्या वापरता येतात. मात्र अशा तयार सामग्रीत प्रमाणपत्रे असतील, तर त्यांची मुदत पाहून ठेवावी. नाही तर एखाद्या सकाळी, कोणी एक अक्षरही बदललेले नसताना, सगळे दिवे एकदम तांबडे होतात आणि मुदत संपल्याचे ध्यानात येईपर्यंत दुपार उलटते.

विलंबाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विलंबाचा आकडा स्वतःच पुष्कळदा निदान सांगतो. एखादी चाचणी नेमकी पाच सेकंद रेंगाळत असेल, तर नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा पहिल्याने विचारात घ्यावी. लिनक्सवर तिची उत्तरासाठी थांबण्याची प्रचलित मर्यादा पाच सेकंदांची असते. वायरगार्डमध्ये हस्तांदोलन फसल्यावर पुन्हा प्रयत्न करण्याचे अंतरही पाच सेकंदांचेच आहे. म्हणजे संशयित दोन झाले. विलंब एक, तीन किंवा सात सेकंदांचा असेल, तर जोडणीची पहिली विनंती वाटेत हरवली आणि ती पुन्हा पुन्हा पाठविली गेली, असे समजावे. कारण पुष्कळ यंत्रणांत पुनःप्रेषणाची अंतरे एक, दोन व चार सेकंद अशी वाढत जातात. बंद केलेला पोर्ट लागलीच पुन्हा उघडताना नकार मिळत असेल आणि मिनिटाभराने तोच उघडत असेल, तर मागील जोडणीची नोंद अद्याप पुसली गेलेली नाही. लिनक्स ती सुमारे ६० सेकंद ठेवते. अनुभवी वैद्य नाडीवरून ताप ओळखतो म्हणतात, तसा हा प्रकार आहे.

यापुढचे कारण सुतावरच्या हवेसारखे, म्हणजे परिस्थितीचे. अभियंत्याच्या टेबलावरील संगणकावर सर्व चाचण्या सुरळीत पार पडतात आणि सामाईक यंत्रावर त्याच अडखळतात, ही तक्रार नित्याची आहे. अशा वेळी लखोट्याच्या मापाकडे पाहावे. सामान्य जाळ्यातून १५०० बाइटांचे पॅकेट जाऊ शकते. वायरगार्डचा बाहेरचा लखोटा, जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसह, ६० बाइट घेतो आणि नव्या पद्धतीच्या पत्त्यांसह ८०. म्हणून आतील पत्राचे माप १४२० ठेवण्याचा प्रघात पडला. परंतु सामाईक यंत्रावर चाचण्या ज्या कल्पित जाळ्यात चालतात, त्या जाळ्यालाच पुष्कळदा स्वतःचा आणखी एक लखोटा असतो आणि तेथे १४५० बाइटांपुढे वाट नसते. आता १४२० आणि ६० मिळून १४८० होतात. पॅकेटाचे तुकडे करावे लागतात आणि तुकडे न स्वीकारणारे एखादे यंत्र मध्ये असेल तर ते निमूटपणे नाहीसे होतात. गंमत अशी, की ‘नमस्कार’ एवढाच संदेश पाठविणारी चाचणी उत्तीर्ण होते. मोठी फाइल पाठविणारी मात्र कोणताही दोष न सांगता लटकून राहते. येथे दोष आज्ञावलीत आहे की परिस्थितीत, याचा निवाडा पॅकेटे प्रत्यक्ष टिपून त्यांची लांबी मोजल्याखेरीज होत नाही.

परिस्थितीची ही बाधा टाळण्याचा मार्गही उपलब्ध आहे. लिनक्समध्ये एकाच यंत्राच्या पोटात अनेक स्वतंत्र जाळी निर्माण करता येतात. प्रत्येकाला स्वतःचे पत्ते, स्वतःचे मार्ग आणि स्वतःचे पोर्ट असतात आणि एकाचा दुसऱ्याला स्पर्श होत नाही. वायरगार्डच्या स्वतःच्या चाचण्या अशाच विलग जाळ्यांत चालतात. तेथे दोन चाचण्यांनी एकच पोर्ट मागून भांडण्याचा प्रसंग येत नाही. ज्यांना ही सोय नाही, त्यांनी पोर्टाचा क्रमांक स्वतः न ठरविता जो मोकळा असेल तो संगणकाकडून मागून घ्यावा. शिवाय अशा जाळ्यात विलंब व गळती हवी तेवढी मुद्दाम घालता येते. गिरणीतील प्रयोगशाळेत आर्द्रता ठरवितात, तशी येथे जाळ्याची अवस्था ठरविता येते. आणि मुंबईहून अमेरिकेपर्यंतच्या मार्गावर लागेल तेवढा विलंब टेबलावरच निर्माण करून बोगदा त्याला टिकतो की नाही हे पाहता येते.

येथपर्यंत तंत्राची बाजू झाली. परंतु या विषयाचा गाभा तंत्रात नसून स्वभावात आहे. हजार चाचण्या आहेत आणि प्रत्येक चाचणी, आज्ञावलीत काही दोष नसताना, हजारातून एकदा नापास होते असे समजू. एकेकटीकडे पाहता हा दोष क्षुल्लक वाटतो. पण सर्व हजार चाचण्या एका फेरीत उत्तीर्ण होण्याचा संभव केवळ ३७ टक्के उरतो. म्हणजे शंभरातून त्रेसष्ट फेऱ्यांत उगाच तांबडा दिवा लागेल. गूगलसारख्या संपन्न कंपनीतही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सुमारे १६ टक्के चाचण्यांमध्ये असा काही ना काही लहरीपणा आढळला होता. जो दिवा वारंवार उगाच लागतो, त्याच्याकडे माणसे पाहीनाशी होतात. ‘पुन्हा चालवून पाहा’ हा मग कार्यालयातील मंत्र होतो आणि पुढे ते कामही यंत्राकडेच सोपविले जाते. तीन प्रयत्नांत एकदा जरी उत्तीर्ण झाली तरी चाचणी उत्तीर्ण धरावी, असा नियम होतो.

या नियमाची किंमत हिशेबाने काढून पाहण्यासारखी आहे. आज्ञावलीत खरोखरीचा एक दोष आहे आणि तो दहांतून एकदा प्रकट होतो, असे समजू. तीन प्रयत्नांची सवलत दिली तर तो तिन्ही वेळा प्रकट होण्याचा संभव हजारात एक. म्हणजे हजारातून नऊशे नव्याण्णव वेळा हिरवा दिवा लागेल. त्याच वेळी दररोज हजार माणसे ती आज्ञावली वापरीत असतील, तर त्यांतील शंभरांना तो दोष भोगावा लागेल. त्या शंभरांना तीन प्रयत्नांची सवलत नाही. बोगद्याच्या बाबतीत तर दोष भोगणे म्हणजे केवळ काम अडणे नव्हे. जोडणी तुटून पुन्हा जुळण्याच्या निमिषात पत्र उघड्या रस्त्याने गेले, तर पाठविणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या पुराव्यांचे रक्षण करणारा वार्ताहर, रुग्णांची कागदपत्रे पाठविणारा डॉक्टर, खातेदारांचे हिशेब हाताळणारा कारकून, हे सर्व त्या हिरव्या दिव्यावर विसंबून असतात. त्यांनी तो दिवा कधी पाहिलेला नसतो, पण विश्वास त्याच्यावरच असतो.

आणि लहरी चाचणी ही नेहमीच खोटी चाचणी असते, असे मुळीच नाही. दोन क्रियांची शर्यत लागून कधी एक पुढे जाते तर कधी दुसरी, असा दोष चाचणीत असू शकतो तसाच आज्ञावलीतही असू शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून संशयित चाचणीला सरसकट काढून टाकणे हे, साक्षीदार अडखळत बोलतो म्हणून त्याला न्यायालयाबाहेर घालविण्यासारखे आहे. तिला वेगळी काढावी, तिच्यावर नाव व तारीख घालावी, आणि ती कोणी व केव्हापर्यंत तपासावयाची हे ठरवावे. मग ती एकटीच हजार वेळा चालवावी. चाचण्यांचा क्रम उलटसुलट करून, यंत्रावर मुद्दाम ताण आणून, जाळे मंद करून पुन्हा चालवावी. ज्या अवस्थेत ती अधिक वेळा नापास होते, ती अवस्थाच दोषाकडे बोट दाखविते.

दोष केव्हा शिरला हे शोधण्यासाठी अभियंते द्विभाजनाची युक्ती वापरतात. हजार फेरफारांपैकी मधला घेऊन तपासावयाचा; तेथे दोष असेल तर अलीकडचा अर्धा भाग सोडावयाचा, नसेल तर पलीकडचा. दहा पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. परंतु दहांतून एकदा प्रकट होणाऱ्या दोषाला ही युक्ती लावताना प्रत्येक पायरीवर एकदाच चाचणी घेतली, तर निष्कर्ष भलताच निघेल. एकदा उत्तीर्ण झाली म्हणजे निर्दोष ठरली असे नव्हे. शंभरात नव्याण्णव इतकी खात्री हवी असेल, तर प्रत्येक पायरीवर ४४ वेळा चाचणी घ्यावी लागते. येथे मंदपणा व लहरीपणा यांचे नाते उघड होते. एका चाचणीला दोन मिनिटे लागत असतील, तर ४४ वेळांना जवळजवळ दीड तास लागतो आणि दहा पायऱ्यांना दोन दिवसांचे काम होते. कोणीही ते करणार नाही. तीच चाचणी अर्ध्या सेकंदाची केली, तर सगळा शोध चार मिनिटांच्या आत आटोपतो. चाचणी जलद करणे ही वेळेची काटकसर तर आहेच. त्याहीपेक्षा ती सत्य शोधण्याची ऐपत वाढविणे आहे.

एवढे केल्यावरही एक मर्यादा राहते, ती विसरू नये. २००२ सालापासून स्थानिक जाळ्याला, त्यास जोडल्या जाणाऱ्या संगणकाला काही मार्ग परस्पर सुचविण्याची सोय उपलब्ध आहे. मे २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की याच सोयीचा उपयोग करून एखाद्या सार्वजनिक जाळ्याचा चालक पाहुण्याची पॅकेटे बोगद्याबाहेरून वळवू शकतो. आणि पडद्यावर तर ‘बोगदा जोडलेला आहे’ असेच दिसत राहते. या प्रकाराला ‘टनेलव्हिजन’ असे नाव मिळाले. किल्ल्या शाबूत होत्या, कुलूप शाबूत होते. जोडणी जुळली का, या प्रश्नाचे उत्तरही खरेच होते. पत्र कुलपात शिरले का, हा प्रश्न मात्र निराळा आहे आणि तो त्या उत्तरात येत नाही. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाविषयी तिचा हिरवा दिवा काहीही सांगत नसतो.

तेव्हा या कामात गुंतलेल्या तरुणांनी आणि त्यांच्याकडून मुदतीवर काम मागणाऱ्या वरिष्ठांनी एवढे पथ्य पाळावे. तांबडा दिवा लागला की प्रथम तीन ठिकाणी पाहावे: मालात, मापात आणि हवेत. कारण सापडेपर्यंत ‘आपोआप बरे झाले’ असे म्हणू नये. आठवड्यातील काही तास चाचण्यांच्याच डागडुजीसाठी राखून ठेवावेत आणि तो वेळ वाया गेला असे हिशेबवहीत लिहू नये. मुदत टळल्याने होणारे नुकसान मोजता येते, ते भरूनही काढता येते. एकदा उघड्या रस्त्यावर पडलेले पत्र मात्र परत लखोट्यात घालता येत नाही.